खाऱ्या पाण्याचा पट्टा

शाळेत किस्से साठतात ते खडूच्या तुकड्यांसारखे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, फेकवतही नाहीत, आणि एक दिवस बघावं तर डब्याचं झाकण लागत नाही!

आमच्या सायन्स क्लबचा डबा तर नुसत्या भीतीच्या किश्श्यांनी भरलाय. भुताखेतांच्या नाही हो, पाण्याच्या. आता हिंगोली जिल्ह्यातून समुद्र किती लांब, ते नकाशा काढून बघा. आमच्याकडं समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात, तोही निळ्या शाईचा. तरी कळमनुरीच्या पुढं आडरस्त्याला असलेल्या आमच्या शाळेचं नाव झालं ते समुद्रामुळंच.

आणि क्लबची इन्चार्ज कोण? मी! औंढ्याच्या देवळाच्या सेवेतल्या घरातली, कयाधूला पाणी आलं की पुलावरून बस जाताना डोळे मिटून नागनाथाचं नाव घेणारी बाई. पोरांना विज्ञान शिकवते आणि पाण्याला भिते. दोन्ही अजून चालू आहे.

*

सुरुवात अशी झाली. हेडसरांच्या मोबाईलवर एक मेसेज आला. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संस्थेनं शाळेच्या पोरांसाठी स्पर्धा ठेवली होती. समुद्रावर माणसाचा जीव वाचवेल असं काहीतरी बनवायचं. ज्याचं यंत्र पसंत पडेल, त्याचं अकरावीपासून पुढचं सगळं शिक्षण संस्थेकडं. राहणं, जेवण, प्रयोगशाळा, सगळं.

हेडसरांनी दहावीच्या वर्गात मेसेज वाचून दाखवला आणि स्वतःच हसले. "मॅडम, आपल्याकडं समुद्र कुठून आणायचा?"

मला तर बरंच वाटलं. सुटले!

तेवढ्यात मधल्या बाकावरून रोशनी राठोड उठली. तांड्यावरची पोरगी, आवाज इतका बारीक की हजेरीला दोनदा नाव घ्यावं लागायचं.

"सर, बुडायला समुद्रच लागतो का?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. तिचा मोठा भाऊ विशाल शेततळ्यात बुडून गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पोहता येत होतं त्याला. पण शेततळ्याला खाली प्लास्टिक असतं, त्याच्यावर शेवाळ. चढायला गेलं की पाय घसरतो, पुन्हा चढावं, पुन्हा घसरतो. जवळच्याच वावरात माणसं होती.

"त्यानं हाका मारल्याच असतील, सर," रोशनी म्हणाली. "वारं होतं. कुनाला ऐकूच आल्या न्हाईत. आपुन हाका मारनारं यंत्र बनवू."

हेडसरांनी मोबाईल खिशात घातला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. नाही म्हणायला तोंडच उघडेना.

*

रोशनीचं डोकं साधं चाललं. कमरेला पट्टा. पट्ट्यावर स्टीलच्या दोन पट्ट्या, एकमेकींपासून जरा लांब. मधे पाणी आलं की वीज इकडून तिकडं जाते आणि भोंगा वाजतो. तरंगायला पट्ट्यात सायकलची फुगवलेली ट्यूब.

ट्यूब इरफानकडून. त्याच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे, त्यामुळं आमच्या क्लबला रबराची कधी ददात पडली नाही. भोंगाही त्यानंच आणला. "मॅडम, एकदम कडक आवाज है," म्हणाला. कुठला ते मी विचारलं नाही.

मग अडचण आली. पावसाचे चार थेंब पडले तरी पट्टा बोंबलायचा! रोशनी म्हणाली, "असा उगंच वाजला तर लोक काढून फेकतेत." आठवडाभर ती त्याच्या मागं लागली आणि तिनं तो असा बसवला की साध्या पाण्यात गप्प, मीठ घातलेल्या पाण्यात चालू. समुद्राचं पाणी खारट, काम झालं!

पहिली चाचणी प्रयोगशाळेत. एका बादलीत विहिरीचं पाणी, दुसरीत मिठाचं. विहिरीच्या पाण्यात पट्टा गप्प. मिठाच्या पाण्यात बुडवला आणि "पीं... पीं... पीं...!"

बाहेर व्हरांड्यातून हेडसर चालले होते. त्यांनी भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं आणि ओरडले, "अरे हळू! हळू घे! शाळेत टेम्पो कुनी घातला रे?"

भोंगा टेम्पो रिव्हर्स घेताना वाजतो तो होता!

*

यंत्र तयार झालं तर ते घालून फिरायला माणूस हवा. ज्ञानेश्वर तयार झाला. त्याला दुसरं काही सुचतच नाही. पोलीस भरती, नाहीतर सैन्य भरती. दहावीत आल्यापासून रोज पहाटे रस्त्यानं पळतो, छाती मोजतो, उंची मोजतो. पट्टा घालून पळालं तर टिकतो का ते कळेल, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत आलं ते गुडघे फोडून, अंगभर चिखल.

"काय झालं रे?"

"मॅडम, मागून टेम्पो रिव्हर्समंदी येऊन राहिला ना! मी जेवढा पळालो तेवढा त्यो मागं! शेवटी सोयाबीनमंदी उडी टाकली तरी आवाज कानापाशीच!"

रोशनीनं पट्टा हातात घेतला, स्टीलच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. "घाम," म्हणाली. "घाम बी खारटच की."

तेव्हापासून इरफानच्या खिशात एक रुमाल असायचा. पट्टा वाजला की हा पुसणार. पुसला की गप्प.

*

पण घाम काही फक्त पळाल्यावर येत नाही!

शाळा तपासायला एक साहेब आले. हेडसरांनी मोठ्या हौसेनं पट्टा दाखवायला घेतला, दोन्ही तळहातांवर, आरतीचं ताट धरावं तसा. साहेबांनी पट्ट्याकडं बघितलंच नाही. विचारलं, "मुलींच्या शौचालयाला पाणी आहे का?"

हेडसर म्हणाले, "आहे ना, साहेब. चोवीस तास."

"पीं... पीं... पीं...!"

इरफाननं धावत जाऊन पुसला. हेडसर म्हणाले, "म्हंजे... सकाळच्याला असतं, साहेब."

पट्टा गप्प! आम्ही सगळे भिंतीकडं बघत उभे. साहेब गेल्यावर इरफान माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, ये तो डर की मशीन है!"

झालं. शाळेत त्याला 'डरचा पट्टा' नाव पडलं. दुसऱ्याच आठवड्यात मुलींच्या शौचालयाला मोटार बसली, तो भाग वेगळा.

*

आता समुद्राचा किस्सा. हा सांगताना मी हसते, पण घडला तेव्हा हसले नव्हते.

संस्थेनं निवडक पोरांना किनाऱ्यावर बोलावलं होतं. मी, रोशनी, इरफान, ज्ञानेश्वर. रेल्वे, मग बस, मग दुसरी बस. नारळाच्या झाडांमधून बाहेर आलो आणि समोर ते दिसलं. पोरं ओरडली. मी ओरडले नाही. मला वाटलं होतं समुद्र म्हणजे मोठ्ठं धरण. पण धरणाचं पाणी जागेवर असतं हो! हे तर आपल्याकडं चालत येत होतं. पाय वाळूत रुतले की भीतीनं थिजले, कळलं नाही. मी रोशनीचा दंड जो धरला तो सोडलाच नाही.

यंत्र दाखवायचं होतं ते मांडवात, बादलीतल्या पाण्यात. ज्ञानेश्वरनं पट्टा आधीच कमरेला बांधून ठेवला होता. वेळ होता म्हणून पोरं जरा पाण्यापाशी उभी राहिली. तेवढ्यात खाकी कपड्यातल्या जीवरक्षकानं शिट्टी मारली आणि लांबून ओरडला, "भरती सुरू झालीय! भरती!"

मी भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटी स्वतः शिकवलीय या पोरांना. आकृती काढून, चंद्र दाखवून. पण हिंगोली जिल्ह्यातल्या पोराला खाकीतला माणूस "भरती" म्हणून ओरडला तर त्याला चंद्र आठवतो का?

ज्ञानेश्वर सरळ त्या माणसाच्या दिशेनं पळत सुटला. पाण्यातूनच! "साहेब, कागदं संगं न्हाईत! पर उंची बसती!"

पहिली लाट मांडीपर्यंत आली, त्याला काही वाटलं नाही. दुसरी कमरेच्या खालीच फुटली. तिसरी आली आणि पोरगं दिसेनासं झालं.

मला पोहता येत नाही. मला पाण्याकडं पाऊलही टाकता येईना. इरफान ओरडत होता, पण लाटांच्या आवाजात त्याचा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, मी शेजारी असून. रोशनी ओरडत नव्हती. ती पाण्याकडं बघत पुटपुटत होती, "वाज. वाज ना. वाज."

आणि मग लांबून, पांढऱ्या फेसातून, आवाज आला. "पीं... पीं... पीं...!"

जीवरक्षक आमच्याकडं पळत येत होता, तो थबकला, वळला आणि आवाजाच्या दिशेनं पाण्यात घुसला. ट्यूबनं पोराचं डोकं वर धरलं होतं. दुसऱ्या लाटेबरोबर दोघं बाहेर आले. ज्ञानेश्वर खोकत, ओकत, हिरवा पडलेला. मी त्याला आधी मारलं आणि मग जवळ घेतलं.

जीवरक्षक वाळूत बसून धापा टाकत होता. म्हणाला, "इतकी वर्षं इथं आहे, बाई. समुद्रात टेम्पो रिव्हर्स घेताना आज पहिल्यांदा ऐकला!"

बादलीत यंत्र दाखवायची गरज राहिली नाही. रोशनीची निवड तिथंच झाली.

*

निवड झाली म्हणजे पोरगी निघाली, असं मला वाटत होतं. कळमनुरीच्या बाजारात रोशनीची आई भेटली, शेवंताबाई. मिरच्यांचा वाटा घेऊन बसलेल्या. मी हसून म्हटलं, "मग? केव्हा धाडताय लेकीला?"

त्या हसल्या नाहीत. "मॅडम, एक लेकरू पान्यानं नेलं. दुसरं मी आपल्या हातानं पान्यापाशी नेऊन ठिवू? काहून? तुमाला हाय का पान्याची भीती?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग कसं इचारता?"

मी मिरच्या न घेताच परत आले. विशाल गेल्यापासून ही बाई त्या वावराच्या वाटेनं गेलेली नाही, हे मला रोशनीनंच सांगितलं होतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "तिच्या आईला इचारा. ती व्हय म्हनली तर माझं न्हाई न्हाई." आणि संस्थेला सोमवारी कळवायचं होतं.

*

रविवारी दुपारी आम्ही तांड्यावर गेलो. मी, इरफान, ज्ञानेश्वर, आणि पट्टा. शेवंताबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. चहा झाला तरी कुणी विषय काढेना.

शेवटी त्यांनीच ज्ञानेश्वरला विचारलं, "तू पाह्यलास ना रे समुद्र? कसा असतो?"

पट्टा त्याच्याच हातात होता. "कायच न्हाई, मावशी! एकदम सोपा असतो!"

"पीं!" पट्टा वाजला. इरफाननं घाईघाईनं पुसला. शेवंताबाईंनी ज्ञानेश्वरकडं बघितलं, त्यानं मान खाली घातली.

"खोटं नका बोलू रे," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुमी सांगा."

"भयंकर असतो," मी म्हटलं. "मला अजून स्वप्नात येतो. हा बुडत होता आणि मी जागची हलले नाही."

रोशनी माझ्याकडं बघतच राहिली. आता ही बाई आपलं वाटोळं करणार, असंच तिला वाटलं असेल. मला दुसरं काही सांगता येत नव्हतं.

शेवंताबाईंनी हात पुढं केला. "दे इकडं."

पट्टा त्यांनी मांडीवर घेतला. ट्यूब दाबून बघितली. स्टीलच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "आपल्या तळ्यात वाजंल का ह्यो?"

"न्हाई, याडी," रोशनी म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. "गोड्या पान्यात न्हाई वाजत. पाऊस कंचा आन् तळं कंचं, ते त्याला वळखू यायला पायजे. मला न्हाई जमलं. तेच शिकायला जायचंय."

शेवंताबाईंनी पट्टा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि मान खाली घातली. ओढणीत त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"आन् वाजला," त्या खालूनच म्हणाल्या, "तर कोनी येतं का पर?"

रोशनीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच पट्टा वाजायला लागला.

"पीं... पीं... पीं...!"

इरफाननं रुमाल काढला. रोशनीनं त्याचा हात धरला. "राहू दे. वाजू दे."

त्या एवढ्याशा घरात तो आवाज कानात मावेना. बाहेर कुत्री भुंकायला लागली. मग पावलं वाजली. शेजारची म्हातारी आली, हात पिठानं भरलेले. तिच्या मागं दोन बाया, खाटेवरून उठून आलेला एक माणूस, अनवाणी पोरं. दार भरलं, मागचे टाचा वर करून आत बघायला लागले. "काय झालं? कोन हाय? काय झालं गं शेवंता?"

शेवंताबाईंनी मान वर केली. दारातल्या एकेका तोंडाकडं त्या बघत राहिल्या. पट्टा मांडीवर वाजतच होता.

"आले," त्या म्हणाल्या.

मग डोळे न पुसताच रोशनीकडं वळल्या. "कवा निघायचं हाय?"