मागच्या दोन चाकांची गाडी

आमच्या घरात माल वाहायची मोटार घ्यायचं ठरलं, तेव्हा तिची सगळ्यांत जास्त गरज कुणाला आहे हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं आणि आप्पांनाही, म्हणजे माझ्या वडलांनाही, पक्कं ठाऊक होतं. तरीही शेवटचा शब्द कुणाचा, तर ज्याला पावसाळ्यात गावाची शीवसुद्धा ओलांडायची नव्हती त्याचा. नातवंडं मला म्हणतात, आजी, आता सोड की तो विषय. का म्हणून सोडू? माझं जे गेलं ते त्यांच्यापैकी कुणी परत आणून देणार आहे का?

आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर. त्यातली निम्मी वाट मोठ्या सडकेची, खडी घातलेली. उरलेली निम्मी म्हणजे पाणंद. दोन्ही अंगांना निवडुंगाची कुंपणं, मधे काळी माती आणि वाटेत एक ओढा. उन्हाळ्यात ही पाणंद इतकी टणक व्हायची की बैलगाडीची चाकं खडखडत. आणि मृग लागला की तीच पाणंद अशी चिकट व्हायची, की पाय आत घालता यायचा पण काढता येत नसे. आमची तंबाखूची वखार निपाणीत होती. पावसाळ्यात धंदा थंड, वखारीला कुलूप, पुरुषमंडळी घरात. त्यामुळे पाणंदीचा खरा अवतार काय असतो, हे आमच्या घरच्या पुरुषांनी ओसरीवरून बघितलेलं, आणि बायकांनी वैरण आणताना पायांनी.

मी निपाणीच्या हायस्कुलात शिकत होते. आत्या निपाणीत राहायची, तिच्या घरी राहून मी इंग्रजी सहावी पास झाले. पुढचं वर्ष मॅट्रिकचं. आणि नेमकं त्याच वर्षी आत्याचं बिऱ्हाड इचलकरंजीला हललं. दुसऱ्या कुणाच्या घरी मुलीला ठेवायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हा प्रश्न आमच्याकडे तयारच असायचा. मी रडून घेतलं. तेव्हा आप्पा म्हणाले, रडू नकोस, मोटार घेतोय, मी स्वतः रोज नेऊन सोडीन आणि आणीन. आप्पा वखारीच्या शेजारच्या व्यापाऱ्याकडून मोटार चालवायला शिकले होते. त्यांच्या शब्दावर मी वह्यांना कव्हरं घालून बसले.

लढाई नुकतीच संपली होती. बेळगावच्या कॅम्पाजवळ एका दलालानं लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्या घेऊन मांडल्या होत्या. वैशाखात नात्यातल्या एका लग्नाला आम्ही सगळे बेळगावला गेलो, आणि मांडवातून आप्पा आणि माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, गाड्या बघायला निघाले. मीही हट्ट करून बरोबर गेले. मला बघायचंच होतं माझी गाडी कशी असते ते.

दलालानं दोन गाड्या पुढं केल्या. दोन्ही लहानच, मागं माल घालायला उघडा हौदा. एक लष्कराची. उंच, बोजड, रंग शेवाळ्यासारखा, दिसायला अगदी कुरूप. पण तिच्या चारी चाकांना इंजिनचा जोर मिळत होता. आत एक जादा दांडा होता, तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची. दुसरी गाडी एका साडीव्यापाऱ्याची. शहापूरच्या मागांवरच्या साड्या वाहिलेली, हौद्याला पिवळा रंग, चढायला बुटकी. तिची फक्त मागची दोन चाकं ओढणारी. आवारात गाड्या धुवून धुवून एक डबरा झाला होता, त्यात दलालानं लष्करी गाडी मुद्दाम घातली आणि दांडा ओढला. पुढच्या चाकांनी चिखल खरवडला, गाडी डोलली आणि म्हशीसारखी सावकाश बाहेर आली. मग तो पिवळी गाडीही घालून दाखवतो म्हणाला, तर शेजारी उभा असलेला तिचा मालकच नको म्हणाला. खरं म्हणजे निकाल तिथंच लागला होता.

पण आमचे अण्णा. ते लष्करी गाडीच्या मागं गेले आणि हौद्याच्या फळ्यांना नाक लावून वास घेऊ लागले. म्हणाले, पलटणीची गाडी, हिच्यात मटण वाहिलं असणार. दलालानं शपथ घेतली की हिच्यातून फक्त कांबळी आणि तंबू गेलेत. अण्णांनी पुन्हा वास घेतला. त्यांना मटणाचा वास येत होता. मला तेलाचा आणि उन्हाचा येत होता. पिवळ्या गाडीकडं ते प्रेमानं बघत होते. तिनं साड्या वाहिल्या होत्या ना.

त्यातून लष्करी गाडी पेट्रोल जास्त पिणार, आणि पेट्रोल तर कुपनावर. हे मात्र खरं होतं, ते मी नाकारत नाही. आप्पांनी तरीही धीर करून तोंड उघडलं. "अण्णा, पाणंदीचा विचार केला तर चारी चाकं ओढणारी बरी वाटतीया."

"पावसाळ्यात पाणंदीतनं जायाचं कुणाला हाय?" अण्णा म्हणाले.

"मला," मी म्हणाले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग आप्पांना म्हणाले की ऊन फार आहे, पोरीला मांडवात धाडून दे. आणि मग चातुर्मासाचं काढलं. ते दरसाल चार महिने व्रत धरत. गावाबाहेर पाऊल नाही, वाहनात बसणं नाही, कारण पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू फार, चाकाखाली त्यांची हत्या होते. घरचं वाहनही त्या दिवसांत हलता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. मग जी गाडी चिखलात चालायचीच नाही, तिला चिखलात चालायची ताकद कशाला? उलट ती ताकद असली की पाप करायचा मोह व्हायचा. "साकू," ते शेवटी कानडीत म्हणाले. पुरे. आमच्या घरात साकू झालं की पुढं कुणी बोलत नसे. आप्पाही बोलले नाहीत. पिवळी गाडी ठरली.

धर्माबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी जैनाचीच लेक आहे, आजही दिवे लागल्यावर अन्नाला शिवत नाही. अण्णा काही दुष्ट नव्हते. मुंग्यांच्या वारुळांवर रोज साखर घालायचे. पण सगळ्या जीवांची दया करताना आपल्याच घरातला एक जीव शाळेला कसा जाणार, एवढं यांच्या ध्यानात येऊ नये? आणि बैलगाडीला काय चाकं नव्हती? ती पावसाळाभर रोज शेतावर जायची. तिच्या चाकाखाली मुंग्या बाजूला सरायच्या काय?

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस आप्पांनी मला गाडीतून नेलं. मी पुढं बसायची, मांडीवर पुस्तकं. मग पाऊस लागला, आणि ओढ्याच्या अलीकडं पिवळी गाडी जी बसली ती बसलीच. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत होती आणि पुढची दोन नुसती बघत होती. आप्पा उतरले, चाकांखाली पाला घातला, पोती घातली, दगड घातले. मी आणि आप्पांनी ढकललं. चिखलानं तोंड माखून मी घरी परतले. नंतर बैल लावून गाडी परत आणली आणि गोठ्याशेजारी छपराखाली उभी केली. लगेच आषाढ आला, अण्णांचं व्रत सुरू झालं, आणि गाडीवर ताडपत्री पडली.

बैलगाडी मागितली तर बैल पेरणीला. आई मला घेऊन चालत निघाली. कुणी विचारलं तर वैरणीला चाललो म्हणायचं, म्हणून तिच्या हातात विळा असायचा. सडक लागेपर्यंत ती यायची, मग पदरानं माझे पाय पुसायची आणि मागं फिरायची. तिसरा प्रहर झाला की पुन्हा सडकेला येऊन उभी राहायची. असं थोडे दिवस चाललं. मग ओढ्याला पाणी आलं, आईचा पाय सरला, ती कमरेएवढ्या पाण्यात पडली, आणि ती बातमी घरी पोचल्यावर आमचं दोघींचंही जाणं बंद झालं. शाळेत काय चाललं असेल याचा विचार करत मी पुस्तकं उघडायची. बीजगणित कुणी समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही, मी तरी काय करू? ओसरीवर अण्णा पोथी वाचत असायचे. मला त्या आवाजाचा राग यायचा, अगदी अंगात आग व्हायची.

आणि मग श्रावणात निपाणीहून निरोप आला. बाहेरचे व्यापारी आलेत, तंबाखूचा भाव चढलाय, माल असेल तर आत्ताच आणा. घरच्या कोठीत भाव वाढेल म्हणून ठेवलेली तंबाखू होती. बैलगाडीतून एका खेपेत जाण्याएवढी थोडी ती नव्हती, आणि उघडीप किती टिकेल याचा भरवसा नव्हता.

मला वाटलं आता व्रताचं काय करतात बघू. तर अण्णांनी तोड काढली. त्यांनी स्वतः यायचं नाही. आप्पांनी जायचं. पिवळ्या गाडीत माल भरायचा, तिला पुढून चार बैल जुंपायचे आणि सडकेपर्यंत ओढत न्यायची. इंजिन बंद ठेवायचं. इंजिन चालू नाही म्हणजे ती मोटार नव्हे, बैल ओढतात म्हणजे ती बैलगाडीच, आणि बैलगाडीला तर चातुर्मासात कधीच हरकत नव्हती. सडकेवर खडी आहे, तिथं जीवजंतू नसतात, मग इंजिन सुरू करायला हरकत नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे, पोथीवर बोट ठेवून सांगितलं. आणि आप्पांनी मान डोलावली.

त्या सकाळी मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, शाळेचं लुगडं नेसले, पुस्तकं फडक्यात बांधली आणि अंगणात जाऊन सरळ गाडीवर चढले. तंबाखूच्या पोत्यांवर ताडपत्री, तिच्यावर मी. आप्पा चक्रासमोर बसले होते, बैल जुंपलेले होते. आईनं मला बघितलं. ती आत गेली आणि भाकरीची शिदोरी आणून माझ्या हातात वर दिली.

अण्णा ओसरीवरून म्हणाले, "खाली उतर. बैलास्नी आधीच लई वजन हाय."

"तंबाखूचं वजन चालतंय, अण्णा," मी म्हणाले. "मी एका पोत्याएवढीबी न्हाय."

अण्णांनी पोथी उघडून तीत मान घातली. आप्पांनी मागं वळून बघितलंच नाही, त्यांनी गड्यांना बैल हाकायला सांगितलं. चार बैलांनी, पुढं दोन गडी आणि मागं दोन, अशी आमची मोटार ओढा ओलांडून सडकेला लागली. वाटेतल्या शेतांतल्या बायका खुरपी हातात धरून बघत उभ्या राहिल्या.

हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. पण म्हणाले की पटावरून नाव कमी झालंय, हजेरी आता काही केल्या भरत नाही, मॅट्रिकला बसवता येणार नाही. पुढच्या जूनमध्ये ये, मी घेईन तुला. मी त्यांच्यासमोर रडले नाही. वखारीत आले, आणि तंबाखूच्या ढिगाशेजारी बसून रडले. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल की तंबाखूच्या खाटानं डोळ्यांतून पाणी येतंय.

माल चांगल्या भावात गेला होता. आप्पा केळी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. मी विचारलं, "आप्पा, बेळगावात तुम्हांस्नी सगळं ठाऊक हुतं न्हवं?"

त्यांनी केळ्यांची फणी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "ठाऊक हुतं गं. पर थोरल्या भावाम्होरं काय बोलायचं?"

अण्णांवर मी चिडले, पण त्यांचा निदान स्वतःच्या म्हणण्यावर विश्वास तरी होता. आप्पांचं हे बोलणं मला जास्त लागलं, आणि अजून लागतं. थोरल्या भावाचा मान राखायला माझं वर्ष द्यावं लागलं, आणि ते द्यायच्या आधी मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी ती केळी खाल्ली नाहीत.

पुढचा जून माझ्यासाठी आलाच नाही. माघात चिकोडीकडचं स्थळ आलं, फाल्गुनात लग्न झालं. पिवळ्या गाडीला आंब्याचे डहाळे बांधले, हौद्यात गादी घातली आणि वरातीला तीच काढली. पाणंद खडखडीत वाळलेली. ओढ्यात पाण्याचा थेंब नव्हता. आप्पा चालवत होते, आणि चातुर्मास नसल्यामुळे अण्णा पुढं त्यांच्या शेजारी बसले होते. सासरच्या दारात गाडी थांबली तेव्हा माझे सासरे गाडीभोवती फिरून म्हणाले, आम्हांलाही एक घ्यायची आहे, लष्कराची चारी चाकांची मिळते म्हणतात, ती घ्यावी का?

अण्णांनी हौद्यावर प्रेमानं हात ठेवला. म्हणाले, "कशाला? आमची बघा की. आजपतोर एकदाबी कुठं अडलं न्हाय."

मी गादीवर खाली मान घालून बसले होते. नवरीनं बोलायचं नसतं. मला शाळेला न्यायला चारी चाकं लागत होती, सासरी पोचवायला दोन पुरली.