वरची पिन

आमच्या लिट्रिमकडची जमीन म्हणजे वर गवताचं पातळ कातडं, खाली नुसता चिखल. त्यातनं वाळलं गवत काढायचं तर सलग उघडीप लागते. आमचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, आणि त्या साली उन्हाळाभर पावसानं दम घेतला नाही. जुलै सरता सरता रेडिओवर सांगितलं, गुरुवारपासून रविवारपर्यंत ऊन, पुढं पुन्हा पाऊस. सगळं गाव आपापल्या कुरणात घुसलं.

डिंपना गिलरेन माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून गाई एकटीच सांभाळायची. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. हिवाळ्याची वैरण झाली नाही तर गाई बाजारात घालाव्या लागणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आणि नेमकं गुरुवारी सकाळी तिचं गवत कापायचं यंत्र मोडलं.

दीर फेलिमनं आपलं यंत्र आणून दिलं. त्याचा ट्रॅक्टर गिअरबॉक्स उघडून पडलेला, म्हणून हिच्याच ट्रॅक्टरला जोडायचं होतं. तर यंत्राच्या पिना जाड, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या, यंत्र उचलून धरणाऱ्या आर्मांची भोकं बारीक.

"वैनी, आत जाईना गं."

"हातोडा घाल."

"हातोड्यानं भोक मोठं व्हतंय व्हय?"

यंत्राकडं जाड आणि आर्माकडं बारीक, अशा पिना पाहिजे होत्या. त्या गावातल्या मॅलकीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळायच्या. पण मॅलकीची आई आदल्या रात्री वारली होती. दुकान बंद, म्हातारी घरात पेटीत, आणि हात मिळवून दोन शब्द बोलायला माणसांची रांग अंगणापर्यंत. डिंपना चिखलाच्या बुटांनिशी रांगेत उभी राहिली. मागं मी होतो.

"वाईट झालं, मॅलकी," असं म्हणून तिनं त्याचा हात धरला, आणि सोडलाच नाही. रांग थांबली.

"मॅलकी, मला पिना पायजेत. एक टोक जाड, एक बारीक."

त्याची बहीण अट्रॅक्टा फिस्कारली, "लाज वाटंना का गं? आई अजून घरात हाय!"

"ऊन बी आजच हाय," डिंपना म्हणाली.

मॅलकीनं मान वर केली नाही. "मागल्या कप्प्यात, डाव्या अंगाला. किल्ली माझ्या खिशातनं काढून घे. माझा हात मोकळा न्हाई." डिंपनानं सोडला तोवर त्याच्या हातात माझा हात गेला होता.

तिनं दोन पिना आणल्या, किल्ली परत दिली आणि धावत घर गाठलं. खालचे दोन्ही आर्म चपखल बसले. फेलिम हसला. मग वरचा दांडा जोडायला गेले, आणि दोघांची तोंडं उतरली. खालच्या दोन पिनांच्या नादात वरची तिसरी दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. डिंपनाची जुनी पिन दांड्यात बसली, पण यंत्राच्या मोठ्या भोकात खुळखुळायला लागली. तिच्यावर बुश, म्हणजे ती फट भरून काढणारी लोखंडी नळी, चढवायला पाहिजे होता. मॅलकीकडं परत जावं, तर पेटी चर्चकडं निघाली होती.

"डब्याचा पत्रा गुंडाळते. तेवढ्यापुरतं चालंल."

"वैनी, हिसका बसला तर?"

"तर काय? उभ्या गवताकडं बघत बसू?"

अर्धं कुरण झालं. मग बांधाजवळ यंत्र उचलताना पत्रा पिळवटून निघाला, पिन कडकन तुटली, यंत्र मागं कलंडलं आणि त्याला फिरवणारा दांडा वाकला. ते त्या आठवड्यात दुरुस्त होण्यातलं नव्हतं.

कापलेलं तिनं वाळवून, उलथून, रविवारी गंजीला लावलं. सोमवारी पावसानं उरलेलं उभं गवत लोळवलं.

"अर्धं तरी झालं, वैनी," फेलिम म्हणाला.

"मग अर्ध्या गाईंना तसं सांग जा."

ती गोठ्यात गेली, आणि कुठल्या ठेवायच्या ते बघत एकेकीच्या पाठीवर हात ठेवत फिरली.