मामाला न दिलेली बियर

मामाने शेवटचं जे मागितलं, ते मी त्याला दिलं नाही.

गेल्या मंगळवारी माझा मामा गेला. इथेच अमेरिकेत, रेडमंड शहरातल्या घरी. कॅन्सर होता. शेवटचे काही आठवडे हॉस्पिसची नर्स घरी यायची.

अपूर्णांकांपासून हायवेवर गाडी मर्ज करण्यापर्यंत मला सगळं त्यानेच शिकवलं. गराजमध्ये बियर करायलाही.

ही बॅच मी पहिल्यांदा एकटीने केली. त्याला जिना उतरवत नव्हता.

आंबवून झालेली बियर केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपात भरली. केग फ्रिजमध्ये ठेवून फेसासाठी कार्बन डायऑक्साइडचा गॅस जोडला. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती बघितली.
दोनदा.

मग फक्त थांबायचं. थंडीत, कमी प्रेशरवर, दोन आठवडे. गॅस हळूहळू बियरमध्ये मुरतो.
प्रेशर वाढवून केग गदागदा हलवला तर एका दिवसातही होते. मामा त्याला चीटिंग म्हणायचा.

नवव्या दिवशी त्याने हाक मारली.

"मनू, थोडी काढ ना."

"मामा, अजून पाच दिवस आहेत."

"अगं, बियर आहे, मुरांबा नाही."

"गॅस मुरला नाहीये, फ्लॅट लागेल. तूच म्हणतोस ना, घाई करायची नाही?"

तो हसला. "कुणी शिकवलं गं हिला!"

नर्स म्हणाली होती, घोटभर चालेल. मी तिला फोन करून परत विचारलंही होतं.
हरकत फक्त माझी होती.

मला त्याला अर्धवट काही द्यायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते.
खरं म्हणजे मला त्याच्याकडून मार्क हवे होते. पैकीच्या पैकी.

अकराव्या दिवशी सकाळी तो गेला.

चौदाव्या दिवशी मी केगचा नळ उघडला. फेस बारीक, रंग स्वच्छ. अगदी त्याने शिकवली तशी.

मामीने आयुष्यात कधी बियर प्यायली नव्हती. तिने ग्लास मागून घेतला. एक घोट घेतला.

"कशी झालीये?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "ज्यांना कळत होतं, त्यांना द्यायची होतीस गं."

रागावून नाही म्हणाली.
रागावली असती तर बरं झालं असतं.

केग जवळजवळ भरलेला आहे. मामाला ओळखणाऱ्यांनी शनिवारी दुपारी घरी या. मामी घरीच आहे.

मामा, फ्लॅट तर फ्लॅट, त्या दिवशीच द्यायला हवी होती.
चुकलं माझं.
सुखाने जा.