सातवी शिष्या आणि मावशींचा गुडघा

मावशींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन तीनदा ठरलं आणि तीनदा पुढे गेलं. शेवटी डॉक्टरच वैतागले. "मावशी, गुडघा तुमचा आहे की संस्थेचा?"

संस्था म्हणजे अपंगांचं निवासगृह. मावशी तिथे एकोणीस वर्षं होत्या. हाताखाली नवी मुलगी यायची, दोन महिने शिकायची, मॅनेजरसाहेबांच्या सहीचा, काम शिकल्याचा कागद पदरात पाडून घ्यायची आणि चौकातल्या रुग्णालयात दुप्पट पगारावर रुजू व्हायची. अशा सहा गेल्या. त्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई रस्त्यात भेटल्या की तोंडभर हसून विचारायच्या, "काय मावशी, पुढची कधी तयार होतेय?" मावशींच्या अंगाचा नुसता तिळपापड!

शिकायची खरी गोष्ट एकच, राजेंना जेवू घालणं. राजे चाळिशीचे. हातपाय त्यांचं ऐकत नसत, बोलताही येत नसे, पण डोकं असं तल्लख की संस्थेतलं कुणाचं कुणाशी बिनसलंय ते त्यांना आधी कळायचं. नजर वर गेली की 'हो', डोळे मिटले की 'नाही'. चमचा डावीकडून आणायचा, खालच्या ओठावर टेकवायचा आणि दुसरा आवंढा गिळेपर्यंत थांबायचं. पहिल्या आवंढ्याला फसून पुढचा घास दिला की जीवघेणा ठसका. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, कारण राजे कुठल्या पुस्तकात नव्हते.

सातवी आली ती बडबडी. तोंडाला खळ नाही, पण हात शांत. राजे तिच्यावर खूश. मावशींनी हुरूप येऊन ऑपरेशनसाठी सोमवारची तारीख घेतली. आणि गुरुवारी दुपारी बडबडी चक्क गप्प!

"कागद मिळाला वाटतं?" मावशींनी ओळखलं.

"रागावू नका ना. शनिवारपर्यंत आहे मी. इथल्या पगारात खोलीचं भाडंही निघत नाही हो."

तिच्यावर रागवायचं तरी कसं? मावशी लंगडत मॅनेजरच्या खोलीत घुसल्या.

"साहेब, पगार वाढवल्याशिवाय पोरी टिकायच्या नाहीत."

"मी वर पत्र लिहिलंय, मावशी."

"ते गेल्या वर्षी."

"यंदा त्याची आठवण करून देणारं लिहिलंय. आणि तुम्ही आहात की! चार घास भरवायचे, त्यात एवढं काय?"

एकोणीस वर्षांची किंमत चार घास. मावशी धुमसत परतल्या, "म्हणे चार घास! ऑपरेशन गेलं खड्ड्यात," असं बडबडीला सांगून राजेंसमोर बसल्या. राजेंनी तोंड उघडलंच नाही.

"भूक आहे ना?"

नजर वर. म्हणजे आहे.

"मग माझ्या हातचं नको?"

नजर वर.

"हिच्या हातचं?"

डोळे मिटले. उघडले ते थेट मॅनेजरच्या दारावर खिळले.

"साहेबांच्या?"

नजर इतकी वर गेली की बुबुळं दिसेनात.

बडबडी पळत जाऊन साहेबांना घेऊन आली. साहेबांनी बाह्या सरसावून उजवीकडून चमचा आणला. तोंड बंद.

"डावीकडून," मावशी म्हणाल्या.

घास गेला. साहेबांनी लगेच दुसरा पुढे केला. तोंड बंद.

"दुसरा आवंढा होऊ द्या."

साहेबांचा फोन वाजला. तोंड बंद. वाटीभर मऊ भाताला पन्नास मिनिटं लागली. साहेबांचा शर्ट भातानं माखला, कपाळाला घाम. राजे मात्र आरामात.

"रोज असंच?" साहेबांनी विचारलं.

"दिवसातून तीनदा. आणि भरवायचे आणखी तिघं आहेत."

साहेब शर्टावरची शितं वेचू लागले. मावशींनी फोन उचलला. "डॉक्टर, सोमवारचं पक्कं. हो, या खेपेला नक्की."

"अहो, पण इथे कोण?"

"तुम्ही. सोमवारपर्यंत अजून दहा जेवणं आहेत तुमच्या हाताशी. शिकाल. आणि तुमच्या कागदावर सही मी करणार, तीही गुडघा बरा झाल्यावर."

बडबडीला हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत. वाटी विसळताना त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं, परत आल्यावर आठवी शिकवायची आणि तीही जाणार.