शैलाताईंनी लिहून दिलेलं अनुभवाचं पत्र

कंपनी बंद झाली त्या दिवशी मी शैलाताईंना फोन करून नको नको ते बोलले होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. म्हणून आधी हेच लिहून टाकते.

शैलाताई माझ्या अपलाइन. म्हणजे मला कंपनीत त्यांनी आणलं. क्रीम, शाम्पू, लिपस्टिक असं घरोघरी जाऊन विकायचं आमचं काम. त्या घाटकोपरला राहायच्या, मी मरोळला.

पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मुलगी माझ्या कडेवर होती आणि सासूबाई आतून कान लावून बसल्या होत्या. ताईंनी पहिलं क्रीम सासूबाईंच्याच हाताला लावलं. अर्ध्या तासात विरोधी पक्ष आमच्या बाजूला.

पहिल्या मीटिंगला उभं राहून फक्त स्वतःचं नाव सांगायचं होतं. मला रडूच आलं. शाळा सुटल्यापासून मला कोणी उभं करून नाव विचारलंच नव्हतं.

चार वर्षांनी मी मॅनेजर झाले. व्हिजिटिंग कार्ड आलं.

लग्नाकार्यात मी ती कार्डं अक्षतांसारखी वाटायचे. नवरा म्हणायचा, आता बस कर, भटजींनापण दिलंस.

मग एके दिवशी सकाळी ॲप उघडेना. दुपारी मेसेज आला. कंपनी भारतातलं काम थांबवत आहे, आपल्या साथीबद्दल आभार.

संपलं.

मी आता कोण, हेच मला कळेना. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. तो रकाना मी दोन दिवस रिकामा ठेवला.

राग कुणावर काढणार? ताईंवर काढला. तुमच्यामुळे माझी वाट लागली म्हटलं. आणखी बरंच काही.

आठवड्याभराने दुपारी बेल वाजली. दारात ताई.

मी सेफ्टी डोअर उघडलंच नाही. जाळीतूनच बोलले. आमच्या घरात भंगारवाल्यालाही पाणी विचारतात, मी ताईंना विचारलं नाही. हे लिहितानाही लाज वाटतेय.

ताई हळव्या झाल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची.

"तुका मी हाडलंय, मगे मीच येवन सांगूक व्हया. कंपनी गेली गो. तू नाय गेलंस."

मला कंपनीत त्यांनी आणलं, म्हणून सांगायलाही त्याच आल्या होत्या. जाळीतून एक पाकीट आत सरकवलं आणि निघाल्या. पुढे मुलुंडला आणखी एकीकडे जायचं होतं म्हणे. टीममध्ये आम्ही सव्वीस जणी होतो. त्या प्रत्येकीच्या घरी अशाच गेल्या, हे मला खूप नंतर कळलं.

पाकीट मी न उघडता रेशनकार्डाच्या फाइलमध्ये टाकून दिलं. एवढी माझी अक्कल.

तीन महिने घरात बसून काढले. मग आमच्याच रस्त्यावरच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बाई हवी आहे असं कळलं. धीर करून गेले. डॉक्टर मॅडमनी आधीचं काम विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी एक्सपिरियन्स लेटर मागितलं.

कंपनीच नाही तर लेटर कोण देणार? काहीतरी करायचं म्हणून कागदपत्रांसाठी सोबत नेलेली ती फाइल मॅडमसमोरच चाळत बसले, आणि ते पाकीट निघालं. फोडून आतला कागद तसाच त्यांच्यापुढे ठेवला.

मॅडम केरळच्या. हाताने लिहिलेलं मराठी त्यांना लागेना. म्हणाल्या, "आप ही पढ़के सुनाइए."

म्हणून ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं ते मोठ्याने. एका अनोळखी बाईसमोर, माझ्या मोडक्या हिंदीत.

"ही वैशाली. मी हिची सिनियर. पहिल्या दिवशी हिला स्वतःचं नाव सांगता आलं नाही. वर्षभरात ही भरलेल्या हॉलमध्ये माईक घेऊन बोलली. सांगितलेल्या वेळेच्या आधी येते. एका गिऱ्हाइकाला क्रीमने पुरळ आलं, तर ते जाईपर्यंत ही रोज तिच्या घरी जाऊन बघून यायची. न शोभणारी लिपस्टिक ही कुणाच्या गळ्यात मारत नाही, त्यामुळे हिचा सेल कमी व्हायचा. त्यावरून मी हिला ओरडायचे. माझं चुकलं. हिला कामावर घ्या. शिक्का नाही, कारण कंपनी नाही."

'माझं चुकलं'पर्यंत आले आणि पुढचं वाचता येईना.

मॅडमनी पाणी दिलं. मग शेवटपर्यंत वाचून घेतलं. सोमवारपासून या म्हणाल्या.

बाहेर येऊन फुटपाथवरच ताईंना फोन लावला. माफी मागायची होती, पण नुसतं रडत बसले. रडत रडतच मुलाखतीचं सांगितलं. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, म्हणजे मुलाखतीत तूच बोललीस, माझं त्यात काही नाही.

त्यानंतर सुट्टी मिळाली की मी घाटकोपरला जायचे. घावणे खायचे, गप्पा मारायचे. त्यांनी त्या दुपारचा विषय एकदाही काढला नाही. मग आजारपण आलं, आणि दोन महिन्यांत ताई गेल्या.

बाराव्याला गेले तेव्हा त्यांची मुलगी स्नेहा बोलता बोलता म्हणाली, कंपनी बंद झाल्यावर आईपण कामासाठी दोन-तीन ठिकाणी जाऊन आली होती. कॉस्मेटिक्सच्या एका दुकानात तर जवळजवळ नक्कीच झालं होतं. शेवटी त्यांनी लेटर मागितलं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं, मग?

"आई हसत घरी आली. म्हणाली, माझ्या वर कोणी उरलंच नाही गं, लिहून द्यायला."

सव्वीस जणी होतो आम्ही. प्रत्येकीच्या घरात त्यांच्या अक्षरातलं पत्र होतं. त्यांच्याबद्दल लिहायला आमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ताई, मी लिहायला हवं होतं. एक कागद लागला असता.

तुम्ही मागितलं नाहीत. मला सुचलं नाही.

माफ करा.

तुमच्या सव्वीस जणींकडून, हात जोडून श्रद्धांजली.