बाटलीवरची न वाचता येणारी ओळ

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण ही बाटली आजही डोळ्यांसमोर आहे. साठच्या दशकात मी आमच्या बेटावर सांत्र द फ्लाकच्या पोलीस ठाण्यात सबइन्स्पेक्टर होतो. एका दुपारी इस्पितळातून फोन आला. मोंतान्य ब्लांश गावची एक ऊसतोडणी कामगार बेशुद्ध होती. घरात सापडलेल्या गोळ्यांच्या बाटलीवर जपानी अक्षरं होती आणि नवरा तोंड उघडत नव्हता.

तो माझ्यासारखाच मराठी निघाला. मी शेजारी बसलो.

"दादा, तुला धरायला आलो नाही. गोळ्या कुठल्या?"

"बाजारातल्या मानसानं दिल्या, मिस्ये साहेब. ताकदीच्या हायत म्हनला. घरवाली लय दमायची."

विक्रेत्याला ठाण्यात आणलं. आधी तो गोळ्या ओळखीच्या आहेत म्हणाला. मग कबूल केलं: राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात जपानी मासेमारी जहाजाच्या खलाशाकडून घेतल्या, वाचता एक अक्षर येत नव्हतं.

कार्तिए मिलितेर गावात एक चिनी दुकानदार होते; मी बाटली त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा लावून बाटली फिरवली.

"ही अक्षरं आमच्याकडेही आहेत. साखर, लघवी, आजार. औषधाचं नाव मात्र जपान्यांच्या स्वतःच्या अक्षरांत आहे. ते मला येत नाही."

"अंदाजाने सांगा," मी चिडून म्हणालो.

"तुमच्या घरचं माणूस असतं, तर अंदाज चालला असता?"

तिथूनच डॉक्टरांना फोन केला. मधुमेहाच्या, रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळ्या असणार, असं म्हणून त्यांनी शिरेतून साखर दिली. बाईने डोळे उघडले, पण तासाभरात पुन्हा ग्लानी आली. डॉक्टर म्हणाले, "नाव कळल्याशिवाय असर किती टिकेल ते सांगता येणार नाही."

मी जीप बंदराकडे घेतली. एका जपानी जहाजावरच्या वायरलेस ऑपरेटरला इंग्रजी येत होतं, औषधांचं मात्र काही कळत नव्हतं. बंदर चौकीच्या फोनवरून त्याने ते नाव एकेक अक्षर सावकाश उच्चारलं. डॉक्टरांनी दोनदा म्हणवून घेतलं आणि इंग्रजी नाव स्वतःच सांगितलं. असर लांबणारा होता. दोन दिवस त्यांनी साखर थांबवली नाही. बाई वाचली. विक्रेत्याला शिक्षा झाली.

पोलिसासमोर माणूस घाबरून किंवा खूश करायला जास्तच सांगतो. मलाही तेच हवं असायचं. दुकानदाराने त्या दिवशी नाही म्हटलं नसतं, तर मी अंदाजावर समाधान मानून परत फिरलो असतो.

पुढे भोजपुरी, तमिळ, क्रिओलमधल्या जबान्या घेताना दुभाष्याला मी आधी विचारायचो, "यातलं तुम्हाला काय कळलं नाही?" आणि ते उत्तरही जबानीत लिहून घ्यायचो. सगळंच कळलं म्हणणारा दुभाषी मी सहसा बदलून घेत असे.