उडवलेली दोन उत्तरं

लालासाहेब सरांचं गणित कधी चुकत नाही, असं सांगलीत तीस वर्षं लोक म्हणत, आणि सगळ्यात ठासून ते स्वतः सरच म्हणत. बाप ऊसवाला, थोरला भाऊ फौजेत, आणि हे एकटे खडू धरून उभे राहिलेले. विश्रामबागेच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा अकरावी-बारावीचा क्लास चालायचा. फळ्यावर समीकरण मांडलं की दोन्ही बाजूंना सारखं दिसेल ते सर खडूच्या एका फटक्यात खोडायचे आणि म्हणायचे, ‘उडालं.’ मागोमाग सत्तर पोरं ‘उडालं’ म्हणायची. त्यात वेळ वाचतो, असं सरांचं म्हणणं होतं. वाचायचाही. पण वेळेबरोबर आणखी काय जातंय, हे बघायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

तेरा वर्षांपूर्वी त्यांनी एक चाचणी घेतली होती. पहिल्या पंधरा जणांना इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी वेगळी तुकडी, आणि ती फुकट. मिरजेच्या शिफाची सगळी भिस्त त्या तुकडीवर होती. तिचे अब्बा इलियासभाई तंबोरे करायचे. एरवीच्या क्लासलाच तिची फी कशीबशी भरली जायची.

चाचणीत एक प्रश्न होता: साइन दोन एक्स बरोबर कॉस एक्स, शून्य ते तीनशे साठ अंशांमधली सगळी उत्तरं काढा. सरांनी स्वतःच्या उत्तरपत्रिकेत डावी बाजू फोडली, दोन्हीकडं कॉस आला, सवयीनं उडवला. उरलं साइन बरोबर एक छेद दोन. उत्तरं तीस आणि दीडशे. आता कॉस एक्स ज्या कोनांना स्वतःच शून्य होतो, तिथं त्यानं भागायचं कसं? शून्यानं भागू नये, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. नव्वद आणि दोनशे सत्तर हे दोन कोन कॉसबरोबरच उडून गेले आणि सरांना पत्ताही लागला नाही.

शिफानं चारही लिहिले होते. सरांनी लाल पेनानं दोन खोडले आणि नसती उत्तरं लिहिली म्हणून दोन गुण कापले. यादीत ती सोळावी आली.

पेपर मिळाल्यावर ती वर्गात उभी राहिली. “सर, नव्वद घालून बघा ना. दोन्हीकडं शून्य येतंय.”

“अगं, जे उडालं ते उडालं. त्याला परत कशाला बोलावतीस? बस खाली.”

वर्ग खो खो हसला. शिफा बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना सरांच्या मनात ते नव्वद आलं. साबण तोंडावर तसाच ठेवून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडून बघितलं. पोरगी बरोबर होती. पण यादी फळ्यावर लागली होती, आणि सत्तर पोरांसमोर ‘माझं चुकलं’ हे शब्द उच्चारायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. बघू चार दिवसांनी, असं म्हणत त्यांनी चार दिवस काढले, मग आणखी चार. शिफा रोज पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडं बघायची. नवव्या दिवशी ती आली नाही, आणि सरांना चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्यांना पुढं फार लाज वाटली. पुढच्या वर्षीच्या नोट्समध्ये त्यांनी गुपचूप चार उत्तरं छापली. तरी हे प्रकरण त्यांच्या मनात तेरा वर्षं सलत राहिलं.

गेल्या महिन्यात त्याच वर्गाचा स्नेहमेळावा झाला. शाल आली, श्रीफळ आलं. पुण्याहून आलेला जयराज माइकवर म्हणाला, “सरांचं उत्तर कधी चुकलं नाही.” टाळ्या पडल्या. सर बोलायला उठले. शिफाचं नाव ओठांवर आलं होतं, आणि बोलले ते शिस्तीवर. घरी येऊन त्यांनी शाल कुठंतरी फेकली आणि बायकोला, अंजनाबाईंना, पहिल्यांदा सगळं सांगितलं. मग शिफाचा पत्ता शोधला. ती लग्न होऊन वाईला गेली होती आणि एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती.

सर एसटीनं वाईला गेले. सोबत कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात सोडवलेलं ते गणित होतं. मधल्या सुट्टीत शिफा बाहेर आली. “सर? तुम्ही कशाला आलासा एवढ्या लांब? मला फोन करायचा की.” तिनं खुर्ची दिली, चहा सांगितला. सरांनी कागद पुढं केला.

“शिफा, तुझी चारही उत्तरं बरोबर होती. माझं चुकलं होतं. तुझी जागा माझ्यामुळं गेली, बाळ.”

तिनं कागद वाचला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं.

“मला ठावं होतं, सर. त्याच दिवशी. आणि तुम्हालाबी कळलंय, हे पुढच्या वर्षी कळलं. आमच्या धाकट्या भावाच्या, दानिशच्या नोट्समध्ये चार उत्तरं होती.”

सरांना मान वर करवेना. “मग तवाच येऊन भांडायचं होतंस गं माझ्याशी.”

“भांडून काय? सगळी पोरं हसलेली. अब्बा म्हणाले, सर मोठे हायत, सांगतील स्वतः. म्हणून आठ दिवस बसले.” तिनं चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. “हे मला सांगून काय होणार, सर? सांगायचं होतं वर्गाला.”

“आता कुठला वर्ग, बाळ. सगळे पांगले.”

शिफा अगदी हळू, जणू त्यांना लागू नये म्हणून, म्हणाली, “गेल्या महिन्यात सगळा वर्ग होता की तुमच्यासमोर. मी मेळाव्याचा व्हिडिओ बघितला शेवटपर्यंत.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. शिफानं कागदाची नीट घडी घातली, सरांच्या हातात परत दिली आणि ती कामाला आत गेली.